मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचा चमचा नको

मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणलं की आठवड्याभरात कोणीतरी एक मेसेज पाठवतंच. मलाही तो वेगवेगळ्या लोकांकडून कितीतरी वेळा आला आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन पाळणाऱ्यांनी जरूर वाचा. यांची हाडं मोठी असतात, म्हणून वर्षभर रोज कॅल्शियम द्या. वाडगा कधी रिकामा ठेवू नका, भरपूर खाल्लं तरच उंची येते. चौथ्या महिन्यापासून पपी फूड बंद करून मोठ्या कुत्र्यांचं खाणं सुरू करा, कारण जास्त प्रोटीनने हाडं बिघडतात. पाकिटावरचं 'लार्ज ब्रीड पपी' ही फक्त जाहिरात आहे. सगळ्यात उत्तम म्हणजे घरचं मांस आणि भात."

पाठवणाऱ्यांच्या मनात पिल्लाविषयी मायाच असते, त्याबद्दल शंका नाही. पण या पाच सल्ल्यांपैकी एकही जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही, आणि पहिले दोन एकत्र पाळले तर पिल्लाचे पाय कायमचे बिघडू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

"हाडं मोठी, म्हणून रोज कॅल्शियम"

हा सगळ्यात घातक मुद्दा, म्हणून यावर जास्त लिहिणार आहे.

प्रौढ कुत्र्याच्या शरीरात गरजेपुरतंच कॅल्शियम शोषलं जातं, जास्तीचं बरंचसं बाहेर टाकलं जातं. लहान पिल्लाला हे साधत नाही. साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. खाण्यातून जितकं जास्त येईल तितकं जास्त आत जातं. म्हणजे हाडं सर्वांत वेगाने वाढत असतात त्याच काळात पिल्लाला या अतिरेकापासून संरक्षण नसतं.

रक्तात कॅल्शियम वाढलं की शरीर कॅल्सिटोनिन हे संप्रेरक जास्त सोडतं. त्याचा परिणाम असा की जुनं हाड झिजवून नवं घडवण्याचं काम मंदावतं, आणि हाडाच्या टोकाशी असलेल्या ग्रोथ प्लेटमधल्या कूर्चेचं हाडात रूपांतर व्हायला उशीर होतो. पुढच्या पायाच्या खालच्या भागात रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं शेजारी शेजारी असतात, आणि ती एकाच चालीने वाढावी लागतात. अल्नाची वाढ मागे पडली की रेडियस धनुष्यासारखं वाकतं. सांध्यातल्या कूर्चेचा तुकडा सुटा होण्याचा आजार, ऑस्टिओकाँड्रोसिस, हाही याच मार्गाने येऊ शकतो.

हा नुसता तर्क नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हेझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. काही पिल्लांच्या खाण्यात १.१ टक्के कॅल्शियम होतं, काहींच्या ३.३ टक्के. जास्त कॅल्शियमवाल्या पिल्लांच्या हाडांची वाढ बिघडली, पाय वाकले. जे टाळण्यासाठी लोक पावडर देतात, नेमकं तेच पावडरने घडतं.

आता चमच्याचा हिशेब करू. पिल्लू दिवसाला ४०० ग्रॅम कोरडं खाणं खातंय असं धरा. त्यातला १० टक्के ओलावा वजा केला की ३६० ग्रॅम उरतात. त्यात १.३ टक्के कॅल्शियम असेल तर दिवसाला साधारण ४.७ ग्रॅम मिळतं, आणि ते पुरेसं आहे. त्यावर कॅल्शियम कार्बोनेटची चहाचा चमचाभर, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम पावडर टाकली तर आणखी २ ग्रॅम कॅल्शियम गेलं, कारण या पावडरीत ४० टक्के कॅल्शियमच असतं. एकूण प्रमाण १.८ टक्क्यांच्या वर सरकलं. दोन चमचे दिले तर २.३ टक्क्यांच्या पुढे. अमेरिकेतली पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, आफ्को, मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लासाठी १.८ टक्के ही कमाल मर्यादा ठेवते. युरोपातल्या पाळीव प्राण्यांच्या खाद्य उत्पादकांची संघटना, फेडियाफ, हिच्या निकषांत वाढीच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी ती १.६ टक्के, म्हणजे आणखी कडक आहे. आपण "थोडंसंच" म्हणून देतो, आणि तेवढ्यात मर्यादा ओलांडली जाते.

याचं दुष्टचक्र मी घरात पाहिलं आहे. माझ्या पहिल्या जर्मन शेफर्डचे पुढचे पाय चौथ्या महिन्यात बाहेरच्या बाजूला वळायला लागले. ओळखीतल्या अनुभवी माणसाने सांगितलं, कॅल्शियम कमी पडतंय, चमचा वाढवा. मी वाढवला. पाय आणखी वळले. पशुवैद्याने एक्स-रे काढायच्या आधी एकच प्रश्न विचारला: "खाण्याशिवाय आणखी काय काय देता?" त्या दिवशी पावडर बंद झाली, पण डावा पाय पूर्ण सरळ झाला नाही तो नाहीच.

वाकलेले पाय म्हणजे मुडदूस आणि मुडदूस म्हणजे कॅल्शियमची कमतरता, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मुडदूस मुख्यतः 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार आहे, आणि संतुलित तयार खाणं खाणाऱ्या पिल्लात तो क्वचितच दिसतो. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंबही मनाने देऊ नका. त्याचा अतिरेक विषारी ठरतो.

"वाडगा कधी रिकामा ठेवू नका"

उंची किती होणार हे बहुतांशी आईबापांकडून ठरून आलेलं असतं. जास्त खाऊ घातल्याने पिल्लू तिथे लवकर पोहोचतं, त्याहून उंच होत नाही. आणि लवकर पोहोचणं हीच अडचण आहे. हाडं अजून कच्ची, सांधे अजून सैल, आणि त्यांच्यावर वजन मात्र आधीच येऊन बसतं.

४८ लॅब्रेडॉर पिल्लांवरचा एक दीर्घ अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं गेलं. १९९२ साली आलेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांमध्ये हिप डिस्प्लेसियाचं, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या विकाराचं, प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. पुढे २००२ साली आयुर्मानाचे आकडे आले: कमी खाणाऱ्यांपैकी निम्मे १३ वर्षांपर्यंत जगले, भरपूर खाणाऱ्यांपैकी निम्मे ११.२ वर्षांपर्यंत. घर तेच, खाणं तेच, फक्त प्रमाण वेगळं, आणि फरक जवळजवळ दोन वर्षांचा. ज्याने कुत्रं गमावलं आहे त्याला ही दोन वर्षं म्हणजे काय ते सांगायला नको.

म्हणून खाणं वाडग्याने किंवा मापट्याने नव्हे, तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा आणि दिवसाच्या तीन-चार खेपांत विभागून द्या. वीस मिनिटांत उरलं ते उचला. बक्षिसाचे तुकडे दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. पाकिटामागचा तक्ता ही सुरुवात समजा. खरं माप तुमच्या हाताला लागतं. फासळ्यांवरून हलका हात फिरवला तर त्या सहज जाणवल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. शेजारीपाजारी "किती हडकलंय" म्हणतील. म्हणू द्या. गुबगुबीत पिल्लू बघायला गोड असतं, पण त्या गोडव्याचं ओझं त्याच्याच खुब्यांवर पडतं.

"प्रोटीनने हाडं बिघडतात, चौथ्या महिन्यापासून मोठ्यांचं खाणं द्या"

ही समजूत कुठून आली ते समजण्यासारखं आहे. १९७४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासात ग्रेट डेनच्या काही पिल्लांना प्रोटीन, कॅलरी, कॅल्शियम सगळंच भरपूर असलेलं खाणं हवं तितकं दिलं गेलं, काहींना तेच खाणं दोन तृतीयांश मापाने. भरपेट खाणाऱ्यांच्या हाडांचे हाल झाले. लोकांनी बोट ठेवलं ते प्रोटीनवर. पण प्रोटीन वेगळं काढून तपासल्यावर चित्र बदललं. उट्रेख्तच्याच गटाने १९९१ साली ग्रेट डेन पिल्लांना सुमारे ३२, २३ आणि १५ टक्के प्रोटीनचं खाणं देऊन पाहिलं. जास्त प्रोटीनने सांगाडा बिघडला नाही. सर्वांत कमी प्रोटीनवाल्यांचं वजन मात्र कमी भरलं. दोषी होते अतिरिक्त कॅलरी आणि कॅल्शियम.

मोठ्यांच्या खाण्याकडे वळण्यात दुहेरी धोका आहे. त्यात कॅल्शियम वाढीसाठी अपुरं असू शकतं, कारण प्रौढ कुत्र्याच्या खाण्यासाठी आफ्कोची किमान अट अर्धा टक्काच आहे, तर वाढीसाठी १.२ टक्के लागतं. आणि कमाल मर्यादा २.५ टक्के, म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लाला झेपणार नाही इतकी वर. त्यात या खाण्यात कॅलरी कमी असल्या तर पिल्लाला त्याच कॅलरींसाठी जास्त खावं लागतं आणि कॅल्शियमही त्या प्रमाणात जास्त जातं. मोठ्या जातींना बदल साधारण १२ ते १८ महिन्यांदरम्यान करायचा असतो, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना त्याहूनही उशिरा.

"लार्ज ब्रीड पपी ही फक्त जाहिरात"

चित्रं आणि मोठमोठे शब्द जाहिरातच असतात, हे मान्य. पण या वर्गवारीमागे वर सांगितलेली १.८ टक्क्यांची मर्यादा आहे. आफ्कोच्या भाषेत मोठी जात म्हणजे प्रौढपणी ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो किंवा अधिक वजन होणारा कुत्रा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे खाणं मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह सर्वांसाठी आहे, की त्यांची वाढ वगळून. "सह" आणि "वगळून", या एका शब्दावर निवड ठरते. पुढच्या बाजूचं काहीही वाचू नका, ते एक वाक्य शोधा.

आणि टक्केवारी ताडताना ओलावा काढून टाका. १० टक्के ओलाव्याच्या पाकिटावर १.४ टक्के कॅल्शियम लिहिलं असेल तर कोरड्या भागात ते १.५६ टक्के होतं. डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ टक्के पाणी असेल तर ०.४ टक्के म्हणजे खरं १.६ टक्के.

"घरचं मांस आणि भात सर्वांत उत्तम"

आधी जास्त कॅल्शियमबद्दल बोलले, इथे उलटा धोका आहे. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरापटीहून जास्त असतो, आणि भातात कॅल्शियम नावापुरतंच. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत हवं. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाडं पातळ होतात आणि साध्या उडीने मोडतात. मग लोक अंदाजाने हाडं किंवा पावडर घालतात आणि पहिल्या मुद्द्यावर परत येतात.

घरचं खाणं देताच येत नाही असं मी म्हणत नाही. पण मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ते पशुपोषणतज्ज्ञाने ग्रॅमवारी लिहून दिलेलं असावं आणि वजनागणिक बदलत जावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली प्रौढ कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. पिल्लाच्या बाबतीत चुकायला त्याहून कमी जागा असते.

तो मेसेज वाचून तुम्ही आधीच पावडर सुरू केली असेल तर आजपासून थांबवा. फक्त पशुवैद्याने तपासून कमतरतेसाठी दिलेली असेल तर त्यांना विचारूनच निर्णय घ्या. खाणं अचानक बदलू नका. सात ते दहा दिवसांत जुन्यात नवं मिसळत न्या. पिल्लाला उचलून काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा, आणि हे दर आठवड्याला वहीत लिहा. लंगडत असेल, पाय वळत असतील किंवा मनगट खाली बसत असेल तर वाट पाहू नका. जाताना खाण्याचं पाकीट आणि पावडरचा डबा दोन्ही सोबत न्या, आणि एक्स-रे दोन्ही पायांचे काढायला सांगा. चांगला पाय शेजारी दिसला की बिघडलेल्या पायातला फरक ओळखू येतो.