करंगळीतल्या मुंग्या

उजव्या हाताची करंगळी तेलंगखेडीच्या मारुतीपाशी झोपली, फुटाळ्याला पोचेपर्यंत तिनं शेजारच्या बोटालाही सोबत नेलं, आणि तर्रीपोहे खायला उभा राहिलो तर चमचा हातातून सुटून तर्रीसकट पांढऱ्या टीशर्टवर. ठेलेवाल्यानं दुसरा चमचा दिला अन् हळूच विचारलं, "भाऊ, हात थरथरून राहिला का?" चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात सकाळी साडेसहाला थरथरला तर लोक काय समजतात ते सांगायला नको.

थरथरत नव्हता हो, मुंग्या आल्या होत्या.

कारण सायकल. एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक आहे पण रिजिड, म्हणजे पुढे शॉकअप नाही, सरळ चिमटा. घेताना मीच अक्कल पाजळली होती की स्वस्तातला शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलोचं डुलणारं ओझं, त्यापेक्षा रिजिड हलकी, मेंटेनन्स नाही, आणि नागपुरात कुठे सह्याद्री चढायचाय. सह्याद्री नाही, पण सिमेंट रोड आहेत ना बाप्पा! साडेचार मीटरला एक जोड धरला तर प्रतापनगर ते फुटाळा या पाच किलोमीटरमध्ये अकराशे अकरा जोड होतात, परतीचे वेगळे. कारमध्ये बसलं की टक-टक ऐकू येतं, रिजिडवर काही ऐकू येत नाही, सगळं थेट मनगटात जमा होतं. बरं कडेनं जावं तर पेव्हर ब्लॉकचे गट्टू, त्यातही दोन बसलेले आणि तिसरा उठलेला.

डॉक्टर म्हणाले करंगळीकडच्या बाजूनं तळहातातून एक नस जाते, तुम्ही तासभर तिच्यावर वजन टाकून बसता, सायकल बंद करा किंवा हँडल बदला. मला फक्त हँडलचंच ऐकू आलं.

आधी स्वस्तातले उपाय. फोमच्या ग्रिपा घेतल्या, त्या एप्रिलमध्ये पाघळल्या आणि ऑफिसात ज्या ज्या फायलीला हात लावला तिच्यावर माझे काळे ठसे, पोलिसांना फार सोयीचं. मग पंखवाल्या ग्रिपा आणल्या, म्हणजे तळहाताला टेकायला बाजूला चपटा पाट असतो, या खरंच चांगल्या आहेत, पण पाटाचा कोन जरा चुकला की मनगट वाकडं, म्हणून दर सिग्नलला उतरून एलन की फिरवत बसायचं. हवाही कमी केली. पंक्चरवाले भाऊ नेहमी "कडक करून देतो" म्हणत साठ-पासष्ट पीएसआय कोंबायचे, मी ती तीसवर आणली, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त फरक याच्यानंच पडला अन् पैसे शून्य. फक्त तेव्हापासून रस्त्यावरचा प्रत्येक स्कूटीवाला बाजूला येऊन सांगतो, "भाऊ, हवा कमी आहे."

शिवाय स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आडवा खुंटा. नव्वद मिलीमीटरचा काढून पन्नासचा टाकला, म्हणजे कमी वाकावं लागेल. ही खरेदी लक्षात ठेवा, पुढे तिचा अपमान आहे.

एवढं करूनही मुंग्या अर्ध्याच गेल्या, तेव्हा कळलं की गोम हँडलच्या आकारातच आहे. ऑफिसात एक प्रयोग केला, तुम्हीही करा. उभं राहायचं, दोन्ही मुठीत एकेक पेन धरायचा, हात सैल सोडून कोपरात वाकवायचे आणि खाली पाहायचं. पेन एका सरळ रेषेत येतच नाहीत, तिरपे राहतात, कारण देवानं मनगट तसंच दिलंय. एमटीबीचं हँडल मात्र जवळपास सरळ दांडा, मागे वळण फार तर पाच ते नऊ अंश. साहेब दारातून पाहून राहिले होते, काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात मला ट्रेनिंगला पाठवलं.

मागे जास्त वळलेली हँडलं मिळतात बरं का. मोलोको नावाचं चौतीस अंशाचं, जोन्सचं तर पंचेचाळीस. त्यांची किंमत पाहून डाव्या हातालाही मुंग्या आल्या.

आणि त्याच आठवड्यात आमच्या लेआउटमधले दूधवाले काका मला गट्टूवरून ओव्हरटेक करून गेले. दोन बाजूला दोन कॅन, पाठ ताठ, कोपरं सैल, मनगटं अशी निवांत की पंगतीत बसलेत आणि कोणी जिलबी वाढायची वाट पाहून राहिलेत. हँडलकडे पाहिलं. मागे वळलेलं! ज्याच्यासाठी मी रात्रभर मोबाईलवर अंश मोजत होतो ते हे गृहस्थ दुधाच्या पैशात चालवत होते.

मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "ते दूधवाल्याचं नाही बसत भाऊ, त्याचं हँडल अन् खुंटा एकच राहते, ब्रेकच्या सळ्या वेगळ्या. लेडीज सायकलचं लावून देतो." चारशे रुपयांचं चकचकीत स्टीलचं हँडल काढलं. स्टेममध्ये धरलं तर मधात ढिल्लं, कारण माझ्या स्टेमच्या तोंडाचा व्यास एकतीस पॉइंट आठ मिलीमीटर आणि याची कंबर पंचवीस पॉइंट चार. भाऊ कोल्ड्रिंकचा डबा कापून पत्री भरायला निघाला होता, मी हात जोडले. पंचवीस-चारचा स्टेम मागवला, पन्नासचाच. बसवून निघालो आणि पहिल्याच वळणावर हँडल गुडघ्यात. हँडल मागे आलं म्हणजे स्टेम लांब हवा, हे साधं गणित दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मग शंभरचा. म्हणजे जो नव्वदचा लांब म्हणून काढून ठेवला, त्याच्याहून दहा जास्त. आता केबली अपुऱ्या, त्या बदलल्या. सरळ भाग तोकडा, गिअर अन् ब्रेक बसले की ग्रिपांना जागा नाही, म्हणून पंखवाल्या महागाच्या ग्रिपा मी स्वतः घरच्या आरीनं कापल्या. चारशेचं हँडल मला तीन हजारात पडलं, हे घरी अजून माहीत नाही.

पण मुंग्या गेल्या राजेहो! फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाड्यापर्यंत जाऊन आलो, करंगळी टुणटुणीत. वाटेत एका बाल्कनीतून आजी ओरडल्या, "उद्या अर्धा लिटर जास्त टाकजो रे!" मी हो म्हणून टाकलं, काय वाद घालायचा.

भानगड परतताना कळली. वाकून बसत होतो तेव्हा बरंच वजन हातांवर असायचं. आता पाठ दूधवाल्यासारखी ताठ, म्हणजे ते सगळं वजन सीटवर, आणि सीट मूळचीच, शर्यतवाल्यांची, अरुंद. मुंग्या गेल्या नव्हत्या, खाली राहायला आल्या होत्या.

सीट घ्यायची तर आधी बसायच्या हाडांमधलं अंतर मोजावं लागतं. त्याला सोपी युक्ती आहे, पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर कडक जागी बसायचं, जरा दाबायचं, उठायचं आणि दोन खड्ड्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. काल संध्याकाळी संत्र्याच्या पेटीचा पुठ्ठा घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलो, कारण घरात ही विचारेल. नीट ठसा उमटावा म्हणून डोळे मिटून जोर लावत होतो तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन आले.

"काहून बे, इथं काहून बसून राहिला?"

"काही नाही काका, माप घेऊन राहिलो."

काकांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "कशाचं?"