ऐकू आलेला फरक खरा, पण त्याचे श्रेय कोणाचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फोनसाठी वेगळा डॅक-ॲम्प (डिजिटल ध्वनीचा विद्युतसंकेत करणारा डॅक आणि तो संकेत वाढवणारा ॲम्प यांची छोटी पेटी) कोणाला लागतो, या विषयावरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत, याबद्दल आभार. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. आपण तीन बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, आर्मेचर हा त्याचा एक इवलासा प्रकार) इअरफोन वापरता. जुन्या फोनच्या जॅकमधून काढून ते खिशात मावणाऱ्या एका डॅक-ॲम्पला लावताच सैल वाटणारा खर्ज आटोक्यात आला, झांजेचा नाद उजळला आणि गायकाचा आवाज पुढे आला. नव्या फोनला टाइप-सीचा साधा अडॅप्टर (जॅक नसलेल्या फोनला इअरफोन जोडणारा छोटा जोड) लावून पाहिलात, तो आपल्याला ‘मरगळलेला’ वाटला. त्यामुळे ‘इअरफोनसाठी फोनचा जॅक किंवा साधा अडॅप्टर सर्वांनाच पुरतो’ हे माझे विधान चुकीचे असून ते कान बंद ठेवून, केवळ आकड्यांवरून केलेले आहे, असा आपला आक्षेप आहे. बॅलन्स्ड जॅक (दोन्ही कानांना स्वतंत्र तारजोड्या देणारा) आणि हाय-रेझ (सीडीहून जास्त तपशिलाचे ध्वनिमुद्रण) यांविषयी मी काहीच लिहिले नाही, अशीही आपली तक्रार आहे.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. त्या वाक्यातला ‘सर्वांनाच’ हा शब्द मी लिहायला नको होता. आपण ऐकलेला फरक मनाचा खेळ आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या वर्णनावरून तो बहुधा खराच आहे आणि मोजताही येईल एवढा मोठा आहे. मतभेद आहे तो त्याच्या कारणाविषयी. आपण सगळे श्रेय त्या पेटीतील डॅक चिपला दिले आहे. मला मात्र हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्याचा प्रकार वाटतो, कारण चिप बदलली त्याच क्षणी आणखी एक गोष्ट बदलली होती, ती म्हणजे आउटपुट इम्पीडन्स.

कोणत्याही जॅकच्या आत विद्युतप्रवाहाला थोडा अडथळा असतोच; तोच आउटपुट इम्पीडन्स, आणि तो इअरफोनच्या स्वतःच्या इम्पीडन्सशी एकसर जोडला जातो. त्यामुळे व्होल्टेजची या दोघांत वाटणी होते. साध्या, एका डायनॅमिक (पडदा हलवणाऱ्या, नेहमीच्या) ड्रायव्हरच्या इअरफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना जवळपास सारखाच असतो, म्हणून वाटणीही सारखीच होते आणि आवाज फक्त किंचित कमी होतो. अनेक आर्मेचर आणि क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांकडे वाटणारी जोडणी) असलेल्या इअरफोनचे तसे नसते. समजा, खर्जाच्या पट्ट्यात त्यांचा इम्पीडन्स 40 ओम आहे आणि वरच्या एका पट्ट्यात तो 8 ओमपर्यंत घसरतो. जॅकचा आउटपुट इम्पीडन्स 10 ओम असेल, तर खर्ज सुमारे 1.9 डेसिबलने आणि तो वरचा पट्टा सुमारे 7 डेसिबलने खाली जातो; म्हणजे वरचे स्वर खर्जाच्या तुलनेत 5 डेसिबलने दबतात. हाच आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओम असेल, तर फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. पाच डेसिबल म्हणजे इक्वलायझरची कळ चांगलीच सरकवण्यासारखे आहे. ते कोणालाही ऐकू येईल आणि त्याचे वर्णन कोणीही ‘खर्ज सैल, वरचा नाद झाकोळलेला’ असेच करील. जॅकचा इम्पीडन्स इअरफोनच्या किमान इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा प्रचलित दंडक याच कारणाने आला आहे.

हे घरी तपासता येते. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी माझ्या खणातला जॅक असलेला एक जुना फोन काढला, 60 हर्ट्झचा सलग स्वर लावला आणि साध्या मल्टिमीटरने जॅकवरचे व्होल्टेज मोजले. (स्वर मुद्दाम खालचा घेतला, कारण साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज याच आसपास खात्रीने मोजतात, 1 किलोहर्ट्झला त्यांचा भरवसा नाही.) काहीही न जोडता 0.500 व्होल्ट आले. 33 ओमचा रेझिस्टर जोडताच काटा 0.384 वर आला. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून एक वजा करायचा आणि रेझिस्टरच्या ओमने गुणायचे, की आउटपुट इम्पीडन्स मिळतो. या फोनचा तो जवळजवळ 10 ओम निघाला. मग नव्या फोनला टाइप-सीचा साधा अडॅप्टर लावून तीच कृती केली, तेव्हा व्होल्टेज 0.500 वरून 0.492 पर्यंतच उतरले, म्हणजे इम्पीडन्स अर्ध्या ओमच्या जरासा वर. आपल्या जुन्या फोनचा आकडा माझ्याकडे नाही, पण तो याच जातीचा असावा असा माझा कयास आहे. तसे असेल, तर आपल्याला मिळालेली सुधारणा त्या पेटीइतकीच साध्या अडॅप्टरनेही दिली असती.

चिपचे म्हणाल, तर 16 बिटच्या ध्वनिमुद्रणाचा सैद्धांतिक आवाका (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातले अंतर) सुमारे 96 डेसिबलचा असतो आणि 2016 मध्ये आयफोन 7 मधून जॅक काढला गेल्यानंतर बाजारात आलेल्या अडॅप्टरांपैकी जे चांगले आहेत, त्यांच्या टोकातला इवलासा डॅकही त्या आवाक्याच्या आसपास स्वच्छ काम करतो. आगगाडीत किंवा रस्त्यावर ऐकताना भोवतालचा गोंगाट डॅकच्या स्वतःच्या गोंगाटाहून किती तरी वर असतो. कानात नीट बसणारी रबरी टोपी तिथे चिपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मग अडॅप्टर ‘मरगळलेला’ का वाटला? माझा संशय आवाजाच्या पातळीवर आहे. अडॅप्टरच्या आत त्याचे स्वतःचे व्हॉल्यूम नियंत्रण असते. काही अँड्रॉइड फोन ते पूर्ण उघडत नाहीत, त्यामुळे पडद्यावरची पट्टी टोकाला गेली तरी व्होल्टेज अर्ध्याहून कमीच राहते. शिवाय एकाच अडॅप्टरच्या वेगवेगळ्या प्रदेशांसाठीच्या आवृत्त्याही निघतात : ॲपलचा टाइप-सी अडॅप्टर साधारण 1 व्होल्ट देतो, तर त्याची युरोपातील आवृत्ती सुमारे अर्धाच. आवाज बारीक झाला, की खर्ज आणि अगदी वरचे स्वर कानाला प्रमाणापेक्षा जास्त कमी झाल्यासारखे वाटतात, हे फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी 1933 मध्येच दाखवले होते. म्हणून एक-दोन डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा’ आणि ‘लहान’ आवाज म्हणून जाणवत नाही, तो ‘जिवंत’ आणि ‘मरगळलेला’ म्हणून जाणवतो.

या सापळ्यात मी स्वतः पडलो आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या ॲम्पची मी दोन आठवडे तोंड भरून स्तुती करत होतो. नंतर मोजले, तेव्हा तो फोनपेक्षा 1.4 डेसिबलने मोठा वाजत होता. दोन्हींची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळवली, घरातल्या एकाला माझ्या पाठीमागे उभे राहून तार बदलायला सांगितली आणि कोणते उपकरण वाजते आहे ते मी कागदावर लिहीत गेलो. 16 पैकी 9 उत्तरे बरोबर आली. नाणे फेकून लिहिली असती, तरी सरासरी आठ आली असती. आपण मला आकड्यांनी ऐकणारा म्हणता, पण ही चाचणी सर्वस्वी कानांची होती. मल्टिमीटरने फक्त दोन्ही पारडी सारखी केली. आपणही हे करून पाहावे, अशी विनंती आहे. 16 पैकी 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, आणि मग मी माझे म्हणणे पुन्हा तपासेन.

मात्र ही पेटी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही, आणि मूळ लेखात हा भाग मी फारच घाईने उरकला होता. 1 व्होल्टला 103 डेसिबल देणारा 300 ओमचा हेडफोन घ्या. 1 व्होल्टच्या अडॅप्टरवर त्याचे सर्वांत मोठे क्षणही 103 च्या वर जाणार नाहीत, आणि ज्या ध्वनिमुद्रणाची सरासरी त्याहून 20 डेसिबल खाली असते ते 83 वर वाजेल. पुष्कळांना हे पुरे होईल. पण इक्वलायझर लावला आणि त्यासाठी मूळ पातळी 6 डेसिबलने उतरवावी लागली, की कमतरता भासू लागते. तिथे 2 व्होल्ट देणारी पेटी खरोखर कामाची आहे. काही प्लेनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनांची अडचण वेगळी आहे. 25 ओम आणि 1 मिलिवॅटला 90 डेसिबल असा जो हेडफोन असेल, त्याला 110 डेसिबलच्या शिखरासाठी 100 मिलिवॅट, म्हणजे जवळजवळ 1.6 व्होल्ट आणि 63 मिलिॲम्पिअर, लागतात. बोटभर अडॅप्टरकडून ही अपेक्षा करणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

आपल्या इअरफोनांचे दुखणे नेमके उलटे आहे. अशा जातीचे 16 ओमचे, 1 मिलिवॅटला 105 डेसिबल देणारे इअरफोन 1 व्होल्टवर 123 डेसिबलपर्यंत जातात. म्हणजे ॲम्पचा स्वतःचा गोंगाट 10 मायक्रोव्होल्ट असला, तरी तो कानात 23 डेसिबलचा होतो, आणि रात्रीच्या शांततेत दोन गाण्यांच्या मधे तो बारीक ‘सूं’ स्पष्ट ऐकू येतो. आपली पेटी हाय गेनवर (जास्त वर्धनाच्या कळीवर) ठेवून, गाणे थांबवून एकदा ऐकून पाहा. याच कारणाने बॅलन्स्ड जॅकचा आग्रह आपण धरू नये, असे मला वाटते. 4.4 मिलिमीटरच्या त्या जॅकवर व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपटीपर्यंत मिळते हे खरे, पण आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे आपल्या इअरफोनांना तोच बाधतो. ज्यांच्या हेडफोनांना जास्त शक्ती लागते त्यांनी तो जरूर घ्यावा.

हाय-रेझविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 44.1 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 44,100) नमुन्यांत 22 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात, आणि माणसाचा कान तरुणपणीही 20 च्या पुढे सहसा जात नाही. अँड्रॉइड फोन बहुधा सगळा आवाज 48 किलोहर्ट्झला बदलून पुढे पाठवत आले आहेत. तो जसाच्या तसा यूएसबीवर पाठवण्याची सोय अँड्रॉइड 14 पासून प्रणालीतच आली, पण तिचा लाभ ॲपने ती वापरली तरच मिळतो. ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांना तर यातले काहीच लागू नाही, कारण त्यांचा डॅक हेडफोनच्या आतच असतो आणि फोनला लावलेली पेटी नुसती बसून राहते.

मूळ लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे. आता ते असे आहे : ‘एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या इअरफोनसाठी फोनचा जॅक किंवा साधा अडॅप्टर बहुतेकांना पुरतो, अनेक आर्मेचरचे इअरफोन असतील, तर जॅकचा आउटपुट इम्पीडन्स एक ओमच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे ना, एवढे आधी मोजून घ्यावे.’ आपला जुना फोन अजून चालू असेल, तर 33 ओमचा रेझिस्टर लावून त्याचे दोन आकडे मला कळवा. त्यांवरून येणारा आउटपुट इम्पीडन्स 10 ओमच्या जवळपासही न निघाल्यास आपल्या अनुभवाचे मी दिलेले कारण चुकले असे समजेन आणि तसे लेखात नोंदवेन.