सिंगापूरचे साडेसहाशे टप्पे

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. त्यामुळं आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, टप्प्यात मोजतात. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याचं भाडं ठरलेलं, विषय संपला. सोलापूरहून मोहोळ किती टप्पे, टेंभुर्णी किती, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. अशा माणसाला घेऊन मी क्रूझला गेलो आणि त्या तिकिटांचं जे काय रामायण झालं ते मला कुणाला तरी सांगायचंय, कारण बायको आता ऐकून घेत नाही.

सुरुवात मेहुण्यानं केली. त्याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि स्वस्त दिसलं की त्याला घ्यायचंच असतं. "दाजी, चार रात्री, सिंगापूरहून जहाज, पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर, खाणंपिणं आत, आणि रेट बघा की ओ!" रेट खरंच बरा होता. मी पण भुललो. नाताळच्या सुट्टीतली तारीख धरून सहा जणांचं बुकिंग टाकलं. मी, बायको, अण्णा, आई, मेहुणा, मेहुण्याची बायको. मग म्हणलं आता विमान बघू.

इथंच चुकलं. हॉल बुक केला, पत्रिका छापल्या आणि मग पोरगी बघायला निघालो, तसला प्रकार. जहाज काय विमानासारखं रोज नसतं, ते त्या तारखेला त्या वेळेला सुटणार, तास-दोन तास आधी दारं बंद, आणि तुमचं विमान लेट झालं म्हणून कप्तान काय गियर न्यूट्रलला टाकून उभा राहत नाही. म्हणजे एक दिवस आधी पोचायचंच, एक रात्र सिंगापूरला हॉटेलात काढायचीच. मंगळवारी स्वस्त मिळतंय, पुढच्या आठवड्यात अजून स्वस्त मिळतंय, त्याचा आम्हाला उपयोग शून्य. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण तो गरजवंत आहे हे विमानवाल्याला बरोबर कळतं.

पहिल्या दिवशी मुंबई ते सिंगापूर एका बाजूचं अकरा हजार सातशे दिसत होतं. अण्णांनी चष्मा लावला, अंतर विचारलं. मी म्हणलं साधारण एकोणचाळीसशे किलोमीटर. "साडेसहाशे टप्पे," अण्णा लगेच. "टप्प्याला अठरा रुपये. ठीक आहे. आता सोलापूर ते मुंबई सांग."

सोलापूर ते मुंबई! आता आमच्या विमानतळाचा इतिहास सांगायला बसलो तर लेख तिकडंच जाईल. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, ती बघायला अख्खं गाव गच्चीवर, आणि मग २०२५ मध्ये एकदाची गोव्याची आणि मुंबईची विमानं उडाली. अभिमान आहेच. पण आम्हाला पायजे त्या दिवसाचं मुंबईचं तिकीट बघितलं तर साडेचार हजार. हवेतनं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अण्णांनी पेपरच्या कडेला भागाकार केला, पुन्हा केला, मग माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच अफरातफर केली. "टप्प्याला पंच्याहत्तर रुपये? जवळचं महाग आणि लांबचं स्वस्त? तुझं गणित चुकलंय बे."

गणित चुकलं नव्हतं. मी तीन रात्री वाचन केलं. (सिंगापूरमध्ये काय बघायचं ते वाचायला हवं होतं, ते राहिलंच.) विमानाचा खर्च म्हणजे उडायचा आणि उतरायचा, मधलं सरळ जाणं त्यामानानं स्वस्त पडतं. चढताना इंधन भसाभसा जातं, उतरायची फी द्यावी लागते, पायलट एक तास उडवो नाहीतर पाच तास, दोन लागतातच, आणि विमान छोटं असलं की हा सगळा खर्च थोड्याच डोक्यांवर वाटला जातो. इथपर्यंत अण्णांना पटलं. घाटात डिझेल जास्त लागतं हे त्यांना माहितीये.

पण हा झाला खर्च. भाडं खर्चावर ठरतंय हाच आपला गैरसमज आहे. अमेरिकेत पूर्वी सरकारी बोर्ड विमानाची भाडी ठरवायचं आणि त्यात अंतराचा हिशोब असायचा, म्हणजे आपल्या एसटीसारखंच. १९७८ मध्ये कायदा करून ते मोकळं सोडलं. आपल्याकडं १९९४ मध्ये जुना कायदा गेला आणि खासगी विमानांना रान मोकळं झालं. तेव्हापासून एकाच विमानातल्या एकसारख्या सीटांचे दहा-बारा गट करतात, प्रत्येक गटाला इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचा रेट वेगळा. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. सीट तीच, गुडघे पुढच्या सीटला तसेच टेकणार, फक्त अक्षर बदललं.

आणि या गटांची एक गंमत मला अपघातानं कळली. सहा तिकिटं एकदम टाकली की प्रत्येकी चौदा हजार दाखवायचं. चारच टाकली तर अकरा सातशे! कारण स्वस्त गटात चारच सीटा उरलेल्या, आणि मशीन काय चार स्वस्तात देऊन वरच्या दोन महाग लावत नाही, सगळे सहाच्या सहा महागात घालतं. हे कळल्यावर मला न्यूटनला सफरचंद पडताना दिसल्यासारखं झालं. मी लगेच आमची चार काढली आणि मेहुण्याला फोन केला, तुझी दोन चौदानं काढून टाक. तो म्हणला, "थांबा की दाजी, उद्या उतरतंय." टॉवेलच्या धंद्यात सुताचा भाव उतरायची वाट बघायची सवय. त्यानं बायकोच्या मोबाईलवर बघितलं, कारखान्यातल्या मॅनेजरच्या मोबाईलवर बघितलं, सारखं बघितलं की वेबसाइट भाव वाढवते म्हणून ब्राउझरच्या गुपचूपवाल्या (इनकॉग्निटो) खिडकीत बघितलं. सगळीकडं रेट तोच. फक्त रोज वाढत होता. शेवटी एकोणीस हजारानं काढलं. विमानात तो माझ्या शेजारीच बसला होता, पाच तास. मी काही बोललो नाही. फक्त एकदा म्हणलं, सीट आरामशीर आहे ना?

त्याला वैताग आला तेव्हा त्यानं अजून एक शोध लावलेला. मुंबई ते क्वालालंपूर थेट जायचं तर जास्त पैसे, आणि त्याच विमानानं क्वालालंपूरला उतरून पुढं सिंगापूरला गेलं तर कमी. अण्णांचा चहा तसाच हातात राहिला. "म्हणजे पुण्याच्या गाडीत मोहोळला उतरलं तर जास्त, पुण्यापर्यंत गेलं तर कमी?" मी म्हणलं, व्हय. सिंगापूरला जाणाऱ्याला दहा कंपन्या बोलवतायत म्हणून तिथं भाव पडतो, मधल्या गावाला थेट नेणारे कमी असतात म्हणून तिथं चढतो. "मग लोक सिंगापूरचं काढून मध्येच उतरत नाहीत?" उतरतात की. पण बॅग पुढं जाते, आणि कंपनीला कळलं तर परतीचं तिकीट रद्द करते.

हे ऐकून अण्णा खरंच उठून उभे राहिले. "आयुष्यभर तिकिटाच्या पुढं गेलेल्याला दंड केला मी. आधी उतरलेल्याला दंड? अरे तो तर सीट मोकळी करून गेला!" त्या दिवशी ते जेवताना पण गप्प होते.

सोलापूर-मुंबई शेवटी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं केलं, रात्री बसलो, सकाळी दादर. दादरहून एअरपोर्टला दोन टॅक्स्या, प्रत्येकी चारशे, बारा किलोमीटर. अण्णांनी टॅक्सीतच हिशोब केला, गाडीमागं टप्प्याला दोनशे. एअरपोर्टच्या आत चहा अडीचशेचा, तिथं टप्पा शून्य म्हणून भागच जाईना. रेल्वे सोडली तर सिंगापूरचा प्रवास त्या दिवशीचा टप्प्यामागं सगळ्यात स्वस्त प्रवास निघाला, आणि हे मी आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला तर ती म्हणली, मग सिंगापूरलाच राहायला जाऊ, येणं-जाणं परवडेल.

जहाजाबद्दल काय सांगू, छान होतं. पाणी भरपूर. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आईनं लपवून नेलेली, ती दुसऱ्या दिवशीच संपली. केबिनमध्ये रोज टॉवेलाचा हत्ती नाहीतर माकड करून ठेवायचे, मेहुणा ते सोडवून आधी वजन बघायचा आणि म्हणायचा, आपला माल यापेक्षा भारी आहे. जेवणाच्या टेबलावर सांगलीचं एक जोडपं भेटलं, नमस्कार झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, तुम्हाला विमान कितीला पडलं? ते बेंगळुरूहून नऊ हजारात आलेले. मग माझी पण दोन दिवस भूक गेली. मेहुणा तेव्हापासून जरा खूश दिसायला लागला.

परत येताना मुंबईत उतरलो तर रात्रीच्या ट्रेनचं वेटिंग काही हललं नव्हतं. मेहुण्यानं स्वतंत्र गाडी केली, आम्ही चौघं परळला जाऊन एसटीत बसलो. कंडक्टर आला. बायको अर्धं, आई अर्धं, अण्णा पंच्याहत्तरच्या पुढचे म्हणून शून्य रुपयाचं तिकीट. पूर्ण तिकीट फक्त माझं. अण्णांनी ते शून्याचं तिकीट बोर्डिंग पासात घडी करून ठेवलं. ते बघून कंडक्टरनं विचारलं, "कुठनं आलात काका?"

"सिंगापूरहून. साडेसहाशे टप्पे."

कंडक्टरनं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा अण्णांकडं. "त्यात किती लावतात ओ टप्प्याला?"

अण्णा सरकून बसले, शेजारच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणले, "बसा इथं. जरा वेळ लागेल."