जहाज 'हरित' करण्याचे खात्रीशीर उपाय

परवा आणखी एका 'हरित जहाजा'चं गुळगुळीत माहितीपत्रक हातात पडलं. तुम्हालाही असं जहाज मिरवायचं असेल, तर पुढचं मन लावून वाचा.

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात ०.५० टक्क्यांहून जास्त गंधक चालत नाही, आधी ३.५० चालायचं. घाबरू नका. तेच डांबरासारखं स्वस्त हेवी फ्युएल जाळत राहा आणि धुराड्याला ओपन-लूप स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र, लावा. समुद्राचं पाणी ओढायचं, धुरावर फवारायचं, गंधक पाण्यात उतरलं की ते पाणी पुन्हा समुद्रात. हवा स्वच्छ! पाणी किती, हे विचारणारे खवचट असतात. एका मेगावॉट-तासाला साधारण ४५ घनमीटर, म्हणजे १० मेगावॉटवर चालणाऱ्या इंजिनाला तासाला साडेचार लाख लिटर. त्यात व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू, काजळी, पीएएच नावाची तेलातली विषारी संयुगं, सगळं आलं. स्क्रबरमधून निघताना पीएच ३ च्या आसपास, नियमाला ६.५ हवा. तोही सोडायच्या तोंडाशी नको, तिथून ४ मीटरवर मिळाला तरी पुरे. आणि त्या ४ मीटरवर कुणी पीएच मोजायचं यंत्र बुडवायलाही नको, संगणकावरचं गणित चालतं! अहो, आम्ल मुरवायचं काम समुद्राच्या अंगावर ढकललंय तुम्ही. त्या झटापटीत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळा, आणि पंप चालवायला जाळलेल्या जादा तेलाचा वेगळा. धातूंचं तर काय, पातळ केले म्हणून ते नाहीसे होतात थोडेच? डेन्मार्कनं १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत हे पाणी सोडायला बंदी घातली, ती काय हौस म्हणून?

क्लोज्ड-लूप, म्हणजे तेच पाणी आत फिरवत राहणारा स्क्रबर, घेऊच नका. कॉस्टिक सोडा विकत घ्यावा लागतो, गाळ साठवून बंदरात उतरवावा लागतो.

धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी एससीआर, म्हणजे युरिया फवारून कॅटॅलिस्टवर तो मोडणारं यंत्र, बसवा आणि लगेच वेग कमी करा, म्हणजे धूर ३०० अंश सेल्सिअसखाली जाऊन अमोनियम बायसल्फेटचा चिकट थर कॅटॅलिस्टवर छान बसेल.

एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, तर उत्तमच. कमी दाबाच्या, मध्यम गतीच्या ड्युअल-फ्युएल (गॅस आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या) इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन युरोपियन युनियन ३.१ टक्के धरतं. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. तो दिसत नाही, मग छापायचा कशाला?

आणि शेवटी, धुरातलं गंधक घटल्यावर समुद्रावरच्या, ऊन परतवणाऱ्या ढगांची चकाकी उतरली, झाकलेली तापमानवाढ थोडी उघडी पडली, हे कळलं की टाळी पिटा: "बघा, धूरच बरा होता!"

बरा? बंदरालगत राहणाऱ्यांच्या छातीत जात होता तो. कार्बन कमी करायचं काम आपलंच होतं, ते केलं नाही, आणि आता खापर गंधकाच्या नियमावर फोडता? लाज वाटत नाही? स्क्रबर आहे ना, मग कुठं किती पाणी सोडलंत ते छापा. गॅसवर चालवताय, तर कमी लोडवर, म्हणजे इंजिन कमी ताकदीनं चालताना, मोजलेली मिथेनगळती छापा; पूर्ण लोडचा आकडा दाखवून फसवू नका. स्क्रबरबंदीच्या बंदरात शिरताना गुपचूप गॅस ऑइलवर, म्हणजे कमी गंधकाच्या डिझेलसारख्या महाग तेलावर, येताच की. मग बाहेर खोल समुद्रात तेच जाळायला पैसे का जड होतात?