घागरा विकला आम्हीच

बंजारा कलेच्या चोरीवरचा लेख आवडला, पण 'बंजारा कशिद्याची पर्स घेणारी प्रत्येक शहरी बाई चोरीत सामील' हे काही पटलं नाही. मी जिंतूरकडच्या तांड्यावरचा. याडीचा (आईचा) फेटिया, म्हणजे घागरा, आमच्या पेटीत होता. काठाला कवड्या, मधे आरसे, एकेक आरसा दोऱ्यानं चहूबाजूंनी आवळलेला. भांडेवाला आला तेव्हा दोन स्टीलच्या पातेल्यांवर तो गेला. पुढं संभाजीनगरच्या एका प्रदर्शनात तसलेच तुकडे उशीच्या अभ्र्यांवर शिवलेले दिसले. पाटी होती 'आदिवासी कला'. बंजारा हा शब्दच नाही! किंमत सांगत नाही, सांगून तरी काय उपयोग.

आता यात घेणाऱ्या बाईला काय धरायचं? पाटी लिहिणाऱ्याला विचारा ना. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाली ती थेट कंपनीच्या नावानं, म्हणून तर तिला भारतीय कारागिरीचं नाव घ्यावं लागलं. 'सगळे गोरे चोर' म्हणत बसलो असतो तर कोण हललं असतं?

आणि सरसकट दोष म्हणजे काय हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द झाला १९५२ ला. आमच्या दाखल्यावर अजून 'विमुक्त', म्हणजे त्या कायद्यातून सुटलेले, असं लिहून येतं.

बाकी पातेली अजून आहेत घरात. एकात आत्ताच दूध तापतंय.