पानी, पाणी आणि हिरवा शालू

संध्याकाळपासून डोकं फिरलंय. तेव्हाच लिहिलं असतं तर शिव्या पडल्या असत्या, म्हणून जेवून मग बसलोय.

पोरीची निबंधाची वही चाळत होतो. चौथीत आहे. विषय : पावसाळा. तिनं लिहिलंय, "पावसाळ्यात आमचे आजोबा रोज पुलावरचे आकडे बघायला जातात. चाळीस झाले की आई पुस्तके माळ्यावर ठेवते. पंचेचाळीस झाले की आम्ही विश्रामबागला आत्याकडे जातो. मला आत्याकडे आवडते कारण तिथे पानी येत नाही."

'पानी'भोवती लाल गोल. खाली शेरा : "विषयाला धरून नाही. पावसाळ्याचे सौंदर्य लिहा. घरी शुद्ध बोला." दहापैकी तीन.

सांगलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. नऊ वर्षांच्या पोरीनं चार वाक्यांत आमच्या घराचा अख्खा जुलै-ऑगस्ट मांडलाय. आणि म्हणे विषयाला धरून नाही. मग विषय कुणाचा धरायचा, महाबळेश्वरला भजी खायला येणाऱ्यांचा?

सौंदर्य म्हणजे काय हवंय ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. धरतीने हिरवा शालू नेसला. मोर नाचला. इंद्रधनुष्य उगवलं. मुलांनी कागदाच्या होड्या सोडल्या. अहो, गावभागातल्या पोराला होडी म्हटलं की कागदाची आठवत नाही, रबरी आठवते.

आता घरचीच गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा राग खरा होणार नाही. हा हिरवा शालू वर्षानुवर्षं ज्यांनी वर्गात नेसवला ते आमचे आप्पाच. मराठीचे मास्तर. एकतीस वर्षं पोरांना हाच निबंध फळ्यावर लिहून दिला. 'पानी' लिहिलं की अर्धा मार्क कट. मी घरात 'पानी दे' म्हटलं तर ग्लास पुढं यायचाच नाही. 'काय देऊ?' असं शांतपणे विचारायचे, मी 'पाणी' म्हणेपर्यंत. तहानेनं जीव जायचा, पण 'ण' यायचा.

ऑगस्ट २०१९. रात्रीचे दोन वाजले असतील. आप्पा जिन्यात बॅटरी घेऊन बसलेले, पायऱ्या मोजत. वरून सातवी बुडली तसे उठले, दार उघडलं आणि गल्लीत ओरडले, "पानी आलंय रं! उठा! पानी आलंय!" त्यांच्या तोंडून तो 'न' मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. अख्खी गल्ली उठली. मला आजही वाटतं, 'पाणी आले आहे' असं ओरडले असते तर कूस बदलून झोपली असती लोकं.

बाकी जगात 'पाणी आलं' याचा एकच अर्थ असेल. आमच्यात महिना बघून ठरतो. मे महिन्यात बायको म्हणाली तर नळ, उठा, पिंप भरा. ऑगस्टमध्ये म्हणाली तर गॅसची टाकी वर न्या. आणि सासुरवाडी जत तालुक्यात. म्हैसाळ योजनेचं पाणी पहिल्यांदा त्यांच्या शिवाराजवळ पोचलं तेव्हा मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, पाणी आलं!" गडी रडत होता. नारळ फोडला म्हणे कालव्यात. पाणी कुठलं, तर आमच्याच कृष्णेचं, म्हैसाळला उचललेलं. ज्या नदीला आम्ही हात जोडून 'आता जा बाई' म्हणतो तिची ते ओटी भरतात. तेच दोन शब्द. मी फोन कानाला लावून क्षणभर जिन्याकडं बघितलं होतं, खरं सांगतो.

'किती झालं?' हे पण तसंच. मार्केट यार्डात विचारलं तर हळदीचा भाव, सौद्यात किती निघाला. पावसात विचारलं तर फूट. काय किती हे कुणी विचारत नाही, आणि ज्याला विचारावं लागतं तो इथला नव्हे.

मग येतो कागद. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं आली. भिंतीवर घड्याळाच्या खाली दोन बोटं चिखलाची रेघ. खाली आप्पांच्या वह्यांचा लगदा, एकतीस वर्षांतले निवडक निबंध जपून ठेवले होते त्यांनी. निळी शाई कुठं कुठं वाचता येत होती. लाल तेवढी सगळीकडं पसरलेली, शेरे कुठले आणि गोल कुठले काही कळेना. लिहिणाऱ्यानं विचारलं, "हे कशात धरायचं?" आणि 'इतर'मध्ये धरलं. "सदर घरात पुराचे पाणी शिरून संसारोपयोगी साहित्याचे नुकसान झाल्याचे दिसून आले." एका वाक्यात बसलो आम्ही. वर मिळणाऱ्या पैशाचं नाव 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह! गुरूनं शिष्यावर करायचा तो. आमची भिंत पडली आणि कृपा कुणाची झाली बघा.

आणि विसर्ग. आप्पांनी शिकवलेला विसर्ग म्हणजे 'दुःख'मधली दोन टिंबं. आता टीव्हीवर 'कोयनेतून विसर्ग वाढवला' म्हटलं की पोरगी विचारते, किती क्यूसेक? तिला टिंबांचा विसर्ग अजून शिकवलेला नाही. गरजही नाही म्हणा, अर्थ पोचलाय.

आता कुणीतरी खाली लिहिणार, प्रमाणभाषा नको का मग? हवी. अर्जात 'पानी' लिहिलं तर अर्ज परत येतो हे मी भोगलंय, आणि पन्नास पोरांच्या वह्या तपासणाऱ्या बाईंना प्रत्येकाच्या घरी किती फूट पाणी होतं ते कसं कळणार, हेही मान्य. झालं? पण 'न'ला गोल करा की, अर्धा मार्क घ्या. चाळीस आणि पंचेचाळीसला तरी काहीतरी द्या! कवीला वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक मिळते, अगदी लेखनाच्या नियमात लिहिलेली आहे. चौथीतल्या पोरीला खरं लिहायची मोकळीक कुठल्या नियमात बसवायची?

पोरीला विचारलं, परत लिहायला सांगितलंय का? म्हणाली, हो, शालूवालं. "बाबा, शालू म्हणजे काय?" बायकोनं कपाटातून लग्नातला काढून दाखवला. २०१९ ला तो पण भिजला होता. काठावरून अजून पिवळी रेघ गेलीय. पोरीनं रेघेवर बोट ठेवून विचारलं, "इथपर्यंत आलं होतं?"

राग तिथंच उतरायला लागला माझा. बाईंना भेटायला जाणार होतो उद्या, आता बघू. त्या मूळच्या इथल्या नाहीत असं कळलं. त्यांनी पावसाळा म्हणून मोरच बघितला असेल तर त्यांची काय चूक. तरी 'घरी शुद्ध बोला' हे खुपतंयच. घर माझं आहे.

वही शेवटी आप्पांनी मागितली. मला वाटलं, आता 'पानी'वरून पोरीची शाळा घेणार. चष्मा लावून निबंध दोनदा वाचला, शेरा एकदा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्सिल दे."

'पानी'ला हात लावला नाही त्यांनी. बाईंनी 'सौदर्य' लिहिलं होतं, मला दिसलंच नव्हतं. त्याच्यावर बारीक अनुस्वार दिला. मी म्हटलं, पेनानं तरी द्यायचा. तर म्हणाले, "असू दे, त्यांना खोडता यावा." आणि चप्पल घालून निघाले. पूल बघायला. आज छत्तीस झालंय.