आधी टोस्टला बटर लाव

गेल्या आठवड्यात मेलबर्नच्या एका मराठी मैत्रिणीचा मेसेज आला. इथं शिक्षिका म्हणून तिची नोंदणी चालू आहे. "१.४ आणि २.४ साठी तुझ्याकडे काही रेडीमेड आहे का गं?"

हे आकडे ज्यांना कळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ऑस्ट्रेलियात शिक्षकाला काय काय यायला हवं, याची २०११ पासून एक राष्ट्रीय चौकट आहे. ७ मानकं, त्यांत ३७ मुद्दे. १.४ म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना शिकवण्याच्या पद्धती. २.४ म्हणजे या समाजांचा इतिहास, संस्कृती, भाषा समजून घेणं, त्यांचा मान राखणं आणि सलोखा वाढेल असं शिकवणं. उरलेल्या ३५ मुद्द्यांवर स्टाफरूममध्ये लोक तासन् तास बोलतात. या दोघांचं नाव निघालं की सगळे आपापल्या कपात बघायला लागतात.

नोंदणीसाठी जोडायचा रेडीमेड पुरावा माझ्याकडे होता. कारण मीही तेच केलं होतं. जुलैमध्ये नेडॉक सप्ताह, म्हणजे या समाजांच्या संस्कृतीचा आठवडा, असतो, तेव्हा वर्गाबाहेर ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा फलक लावला, त्याचा फोटो काढला, खाली चार ओळी लिहिल्या, पुरावा म्हणून जोडला. मंजूर. ती ठिपक्यांची शैली मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातली, माझी शाळा न्यू साउथ वेल्स राज्याच्या मध्य-पश्चिम भागात विराजुरी लोकांच्या भूमीवर. म्हणजे पैठणीचा फोटो लावून 'काश्मीरची संस्कृती' लिहिण्यातला प्रकार. त्या वर्षी माझ्या गणिताच्या वर्गात सहा ॲबोरिजिनल मुलं होती. त्यांतल्या एकाच्याही घरी कोण कोण असतं, हे मला माहीत नव्हतं.

(मुद्दाम 'ॲबोरिजिनल' लिहितेय. 'आदिवासी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडचं चित्र येतं, आणि ते चित्रही बहुतेकदा आपणच काढलेलं असतं. शिवाय हा काही एक समाज नाही. इंग्रज आले तेव्हा या खंडात २५० हून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. आमच्या राज्यात लोक स्वतःला कूरी म्हणवतात, क्वीन्सलंडकडे मरी, पर्थकडे नूंगार.)

प्रशिक्षण मिळालं नाही असं नाही. विद्यापीठात एक अख्खा विषय होता. आम्ही काय शिकलो? अमुक शब्द वापरायचा नाही. वारलेल्या माणसाचा फोटो किंवा आवाज आधी सूचना दिल्याशिवाय दाखवायचा नाही. 'वेलकम टू कंट्री', म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीचं त्या भूमीवरचं स्वागत, फक्त त्या भूमीचीच माणसं देऊ शकतात, आपण द्यायची ती 'ॲक्नॉलेजमेंट', म्हणजे भूमी त्यांची आहे याची जाहीर दखल. यातलं एकूण एक बरोबर आहे. पण परिणाम असा झाला की आम्ही सगळे भ्यायलो. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं. माझ्या बॅचमधले बरेचजण आजही हा भाग फलकावर उरकतात, ते वाईट आहेत म्हणून नाही, घाबरलेत म्हणून.

मला सोडवलं ते आमच्या शाळेतल्या आंटींनी. ॲबोरिजिनल समाजात वडीलधाऱ्यांना आंटी-अंकल म्हणायची रीत आहे, नातं असो नसो. माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांना याचं फार अप्रूप. आपल्याला कुणी शिकवावं लागतं का! या आंटी शाळेच्या ॲबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसर. मी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, बीजगणितात तुमचा दृष्टिकोन कसा आणू, एखादी वर्कशीट आहे का? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "टोस्टला बटर लावता येतं का?"

शाळेत सकाळी आठला ब्रेकफास्ट क्लब असतो. कुठल्याही मुलानं यावं, खावं. त्या टर्मभर मी मंगळवार-गुरुवार टोस्टला बटर लावलं. कुणी मला काही शिकवलं नाही. पण गणिताच्या तासाला जी मुलगी टेबलावर डोकं टेकून असायची ती धाकट्या दोघांना खाऊ घालून, तोंड पुसून, त्यांच्या त्यांच्या वर्गात सोडून मग माझ्या तासाला येते, हे मला तिथं दिसलं.

याच मुलीचं मी एकदा भर वर्गात कौतुक केलं होतं. अवघड समीकरण तिनं एका झटक्यात सोडवलं, मी आपल्या सवयीनं "शाब्बास, टाळ्या वाजवा" केलं. पुढे तीन आठवडे तिनं हात वर केला नाही. आंटी हसल्या. म्हणाल्या, "तू तिला शेम केलंस." हा त्यांच्या इंग्रजीतला शेम. आपली 'लाज' नव्हे. चांगल्यासाठी असो की वाईटासाठी, चारचौघांतून एकटीला वेगळं काढलं की येतो तो. तेव्हापासून मी जाता जाता वहीच्या कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण करते.

दुसरा एक मुलगा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'सूचना ऐकत नाही.' मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दुसरा खरा निघाला. त्याला ऐकूच येत नव्हतं. मधल्या कानात पाणी साठतं, बरेचदा दुखत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आज बरं ऐकू येतं आणि पंधरा दिवसांनी येत नाही. ॲबोरिजिनल मुलांत हा आजार इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. मला संस्कृतीवर निबंध लिहायला लावले, पण हे एक वाक्य ठळक करून कुणी सांगितलं असतं तर तो पोरगा दोन टर्म मागच्या बाकावर बसला नसता.

त्याची नॅन, म्हणजे आजी, त्याला रोज सोडायला यायची. फाटकापर्यंतच. पालकसभेलाही फाटकातच. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, आस्था नाही. मग कळलं. १९०२ पासून न्यू साउथ वेल्समध्ये रीतच होती, गोऱ्या पालकांनी तक्रार केली की ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून काढायचं. मुख्याध्यापकांना नकाराचा अधिकार देणारं कलम शिक्षकांच्या सरकारी हँडबुकातून गेलं ते १९७२ साली! त्याच काळात सरकार मुलं घरांतून उचलून नेत होतं, कधी कधी थेट शाळेतून. किंचेलाच्या मुलांच्या गृहात पोरांना नावाऐवजी नंबरानं हाक मारायचे, आणि ते गृह १९७० पर्यंत चालू होतं. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. पण फाटक तेच आहे आणि आजीही तीच आहे.

आता आपल्या लोकांबद्दल. गणपतीच्या जेवणात सिडनीत एकजण मला म्हणाले, "त्यांना सगळं फुकट मिळतं हो, तरी शिकत नाहीत." वाक्य ओळखीचं वाटलं. पुण्यातल्या दिवाणखान्यांत दुसऱ्या माणसांबद्दल ऐकत मी मोठी झाले. "आपण तर काल आलो, त्यांच्या इतिहासाशी आपला काय संबंध?" हे दुसरं. संबंध असा की घराचा प्लॉट, शाळेची जमीन, माझा पगार हे सगळं त्याच इतिहासावर उभं आहे. आणि मी फार शहाणी नाही. इकडे येण्याआधी जव्हारकडे दोन वर्षं शिकवत होते. वारली बोलणाऱ्या पोरांना "नीट मराठीत बोल" असं मी रोज म्हणायचे. त्यांच्या आयांना मी एकदाही काही विचारलं नाही.

१४ ऑक्टोबर २०२३ ला, संसदेला आणि सरकारला सल्ला देणारा ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांचा 'आवाज', म्हणजे एक मंडळ, राज्यघटनेत असावं की नाही यावर सार्वमत झालं. सुमारे ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं. मला तेव्हा मताचा अधिकार नव्हता, नागरिक नव्हते, पीआरवर (कायम रहिवासी) होते. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून आमच्या ग्रुपवर देवीचे फोटो. सोमवारी मी पावणेआठला शाळेत गेले. आंटी नेहमीसारख्या ब्रेड कापत होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्या म्हणाल्या, "जॅम संपलाय, बघ कपाटात आहे का."

माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षक घडवताना त्याला आधी एक टर्म कुठल्या तरी आंटीच्या हाताखाली टाका. मूल्यमापन करायचंच तर तिनं करावं. आणि त्या वेळेचे पैसे तिला द्या, प्राध्यापकाला देता तसे. आज बहुतेक शाळांत एकट्या माणसावर भाषण, भांडणं, हजेरी, घरभेटी आणि वर आमच्यासारख्यांचं शिक्षण असं सगळं ढकललेलं असतं. दुसरं, 'बिचारी मुलं' म्हणून सोप्या वर्कशीट वाटणं थांबवा. क्वीन्सलंडमधल्या चेरबर्गच्या शाळेचे पहिले ॲबोरिजिनल मुख्याध्यापक ख्रिस सारा १९९८ पासून हेच सांगत आलेत: मोठी अपेक्षा ठेवा. दया ही कमी लेखण्याचीच एक तऱ्हा असते.

दृष्टिकोन गणितात आणता येतो, तोही सांगते. बारवन नदीवर ब्रेवॉरिनाला दगडी बांध घालून मासे अडवण्याची जुनी व्यवस्था आहे, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. बांधांचे आकार, प्रवाह, पुरात टिकण्यासाठी दगडांची रचना. नववीच्या वर्गाला आठवडाभर पुरेल एवढं गणित. आंटींनी बजावलं, "ते आमचं नाही, ङेम्बा लोकांचं आहे. तसं सांग." तसं सांगितलं. बांधांचं मूळ नाव फळ्यावर लिहिलं आणि वाचलं, "नगुन्नू."

मागून आवाज आला, "मिस, चुकीचं म्हणताय." तोच, कानाचा मुलगा. आता पुढे बसतो, पण त्या दिवशी मागे गेला होता. त्याची नॅन ब्रेवॉरिनाकडची. त्यानं म्हणून दाखवलं. शब्दाच्या सुरुवातीलाच ङ. वर्गातल्या निम्म्यांना जमेना. मला एकदम पहिलीतली मुळाक्षरं आठवली, क ख ग घ आणि तो बिचारा ङ, ज्याच्यापासून आपल्याकडे एक शब्द सुरू होत नाही. मी म्हटलं, "ङुन्नू." तो म्हणाला, "हां."

मग विचारलं, "तुम्हाला कसं जमलं?" मी सांगितलं, आमच्याकडे याला वेगळं अक्षर आहे. फळ्यावर काढून दाखवलं. त्यानं ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं, टिंबासकट.